आधी निघणे, मग येणे

वेबवरचा नकाशा उघडला की नजर मधल्या भूमीवर जाते, कोपऱ्यांकडे जात नाही. भुसावळजवळचे दीपनगर शोधावे, तर औष्णिक केंद्राच्या चिमण्या, वसाहतीचे आखीव रस्ते, वेल्हाळ्याचा अ‍ॅश बंड, भुसावळकडे निघालेले रूळ आणि उत्तरेला तापीचे पात्र यांतच माणूस रमतो. डावीकडे वर अधिक-उण्याची जोडी, तळाला अंतराची पट्टी, उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांतले नकाशाचे श्रेय, ही मंडळी सदैव हाताशी असतात म्हणूनच लक्षात येत नाहीत. यांना कंट्रोल म्हणतात. त्यांच्या रूपाविषयी मला फारसे बोलायचे नाही. हे कंट्रोल नकाशावरून उठून जातात कसे, जाताना सोबत काय नेतात आणि मागे काय ठेवतात, त्यात खरी बहार आहे. ती चाखायची तर लीफलेट या लायब्ररीतली कंट्रोलची मूळ फाइल उघडावी.

लीफलेट 2011 मध्ये युक्रेनच्या व्होलोदिमिर अगाफोन्किन यांनी लोकांपुढे ठेवले. आवळून पाठवले तर सगळी लायब्ररी सुमारे 42 किलोबाइटांत मावते, आणि त्यातली ही फाइल टिपणांसकट 200 ओळींच्याही आत आहे. मी बोलतो आहे ते 1.9 या आवृत्तीविषयी. एवढ्याशा मजकुरात रसग्रहण करण्याजोगे काय असणार, असे वाटेल. पण आजचे वेब अ‍ॅप पान न बदलता दिवसभर चालते. कोणी दीपनगरचा नकाशा बघतो, तिथून हतनूर धरणाच्या पडद्यावर जातो, परत येतो. प्रत्येक वेळी कंट्रोल बसतात आणि उठतात. पूर्वी पान बदलले की ब्राउझर सगळे आपसूक झाडून टाकायचा. आता ते झाडणे लिहिणाऱ्याच्या अंगावर आले आहे, आणि लिहिणाऱ्याची खरी पारख तिथेच होते.

कंट्रोलला नकाशावर बसवणारे फंक्शन म्हणजे अ‍ॅडटू. दुसऱ्या कोणी ते लिहिले असते तर पहिल्या ओळीत नकाशा हाती घेतला असता, नाहीतर कंट्रोल आधीच कुठे बसलेला आहे का याची चौकशी केली असती. इथे पहिली ओळ काय करते? स्वतःचेच रिमूव्ह बोलावते. म्हणजे बसण्याआधी हा कंट्रोल उठतो. नजरचुकीने एकच कंट्रोल दोनदा बसवला गेला तरी पडद्यावर त्याची दोन रूपे दिसत नाहीत. शेजारी-शेजारी दोन नकाशे मांडलेत, एक दीपनगरचा आणि एक हतनूरचा, आणि पहिल्यावरचा कंट्रोल दुसऱ्यावर बसवलात, तर पहिली जागा तो आपणहून मोकळी करतो. चौकशी नाही, इशारा नाही, चुकीचा संदेश नाही. एका ओळीने दोन्ही शक्यता मिटवल्या, आणि त्या मिटवल्याचा कुठे गाजावाजाही केला नाही.

या ओळीला धीर मिळतो तो रिमूव्हच्या पहिल्या ओळीतून. तिथे एवढेच पाहिले आहे की हाताशी नकाशा नसेल तर काहीही न करता मुकाट्याने परत फिरावे. आयुष्यात पहिल्यांदा बसणारा कंट्रोल अ‍ॅडटूमध्ये शिरतो, रिमूव्हला हाक मारतो, रिमूव्ह पाहते की इथे उठवण्यासारखे काही नाही, आणि गाडी पुढे सरकते. या दोन ओळी फाइलमध्ये एकमेकींपासून लांब आहेत, पण एकीवाचून दुसरी उभी राहत नाही. घाईत वाचणाऱ्याला हा दुवा दिसतच नाही.

आता रिमूव्हचा क्रम सावकाश पाहा. आधी कंट्रोलचा दिसणारा एलिमेंट पानावरून उचलला जातो. मग, कोणी लिहिलेले असेल तर, ऑनरिमूव्ह नावाचे फंक्शन चालते आणि त्याच्या हातात नकाशा दिला जातो. मग नकाशाच्या अखेरीची वर्दी घेण्यासाठी लावलेला लिसनर काढला जातो. आणि अगदी शेवटी, नकाशाची आठवण ठेवणाऱ्या जागेत नल, म्हणजे ‘काहीच नाही’, ठेवला जातो. हा क्रम उलटा करून पाहिला की त्याची किंमत कळते. नल आधी ठेवला असता तर ऑनरिमूव्हमध्ये स्वतःच्या नकाशाकडे वळणारी प्रत्येक ओळ आपटली असती. एलिमेंट पानावरून उठला तरी त्याचा धागा मात्र कंट्रोलकडे राहतो, म्हणून आवराआवर करताना आतल्या एखाद्या खोक्यापर्यंत पोचता येते. आणि त्या नलची आणखी एक खुबी आहे. मागे विसरलेला एखादा लिसनर किंवा टायमर पुढच्या खेपेला नकाशाचा मध्य विचारायला गेला की त्याच्या हाती नल पडतो आणि कन्सोलमध्ये लाल ओळ उमटते. गळती निमूट चालू राहत नाही, बोंब ठोकते. स्वच्छता राखणारी ओळ पहाऱ्यालाही बसवली आहे, याची मला फार गंमत वाटते.

नकाशाच्या अखेरीच्या वर्दीचा उल्लेख वर आला. नकाशा स्वतःच मोडला जातो तेव्हा तो अनलोड नावाचा इव्हेंट सोडतो, आणि प्रत्येक कंट्रोल बसतानाच तो ऐकायला कान लावून ठेवतो. ऐकला की रिमूव्ह. म्हणजे कंट्रोल काढायला विसरून कोणी थेट नकाशाच मोडला, तरी निरोपाचा विधी चुकत नाही. पण कान लावताना तीन गोष्टी दिल्या आहेत: इव्हेंटचे नाव, फंक्शन, आणि ते कोणाच्या वतीने चालायचे तो कंट्रोल. काढतानाही नेमक्या त्याच तिन्ही दिल्या आहेत. वीज केंद्रात यंत्रावर काम करायचे तर आधी परमिट घ्यावे लागते, आणि ज्याच्या नावावर ते निघाले त्यानेच ते परत करायचे असते. सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या माणसाने येऊन चालत नाही. लीफलेटमध्येही तसेच. बसवताना जागच्या जागी नवे फंक्शन तयार करून दिले आणि काढताना हुबेहूब तसेच दुसरे दिले, तर पहिले तिथेच चिकटून राहते. अगाफोन्किन यांच्या मांडणीत कंट्रोल स्वतः वेगळा सांगितला असल्यामुळे फंक्शन बांधून नवे करावेच लागत नाही, आणि परतफेडीची खूण आयतीच हाती राहते. लिसनर लावण्याची पद्धत आखतानाच तो काढण्याचा विचार झालेला आहे, हे इथे उघड दिसते.

सेटपोझिशन हे तर लहानसे रत्न. कंट्रोल डाव्या कोपऱ्यातून उजवीकडे न्यायचा, तर एलिमेंट उचलून तिकडे ठेवला की झाले, असे कुणालाही वाटेल. इथे तसे केलेले नाही. नकाशा असेल तर कंट्रोल पूर्णपणे काढायचा, जागा बदलायची, पुन्हा पूर्णपणे बसवायचा. हलवण्याचे वेगळे शास्त्र लिहिलेच नाही. जाणे आणि येणे या दोन क्रियांतून ते साधले. यात लिहिणाऱ्यांसाठी एक न बोललेली अटही दडली आहे. ऑनअ‍ॅड (बसताना बोलावले जाणारे, कंट्रोलचा एलिमेंट घडवणारे फंक्शन) ही कंट्रोलच्या आयुष्यात एकदाच घडणारी गोष्ट नव्हे, ती कितीदाही घडू शकते. जे जन्मभर टिकायचे ते बांधणीच्या वेळी करावे, जे एका मुक्कामापुरते आहे ते ऑनअ‍ॅडमध्ये. ही रेघ ज्याने नीट ओढली त्याचा कंट्रोल कोपरे बदलतानाही चळत नाही. रिअ‍ॅक्टच्या 18 व्या आवृत्तीने स्ट्रिक्ट मोडमध्ये, विकासाच्या वेळी, प्रत्येक इफेक्ट मुद्दाम बसवून, काढून, पुन्हा बसवून पाहण्याची कडक तालीम सुरू केली, तेव्हा कैक लायब्ऱ्यांची भंबेरी उडाली. या फाइलच्या अंगात ती तालीम आधीपासूनच होती.

कोपऱ्यांच्या रचनेबद्दल थोडक्यात. वरच्या कोपऱ्यात नवा कंट्रोल आधीच्याच्या खाली जोडला जातो; खालच्या कोपऱ्यात मात्र तो सर्वांच्या आधी घुसवला जातो. त्यामुळे दोन्हीकडे पहिला आलेला कडेला चिकटून राहतो आणि नंतरचे नकाशाच्या मध्याकडे सरकतात. एका अटीचे काम, पण डोळ्याला तोल जाणवतो तो तिच्यामुळे.

आता लीफलेटच्याच घरचे कंट्रोल पाहू. अंतराची पट्टी माझी विशेष आवडती. ती नकाशाच्या उभ्या मध्यावर डाव्या कडेचा एक बिंदू आणि तिथून 100 पिक्सेलवरचा दुसरा घेऊन त्या दोहोंतले खरे जमिनीवरचे अंतर मोजते, आणि ते 1, 2, 3, 5 अशा सुबक आकड्यांवर खाली उतरवून तेवढीच लांब पट्टी आखते. या नकाशांचे प्रक्षेपण उत्तरेकडे जमीन ताणत जाते. म्हणून झूमची पायरी 13 असताना दीपनगरला एक किलोमीटरची पट्टी सुमारे 56 पिक्सेल भरते आणि तीच कीव्हला सुमारे 82. नकाशा सरकवला की पट्टी हळूच लांबते-आखडते. बहुतेकांना ते कधी जाणवतही नाही. त्यासाठी तिला नकाशाच्या हालचालीवर कान ठेवावा लागतो. हालचाल चालू असताना बदलायचे की थांबल्यावर, हे एका पर्यायावर ठरते, आणि बसवताना जी निवड लिहिली आहे तीच काढतानाही अक्षरशः पुन्हा लिहिली आहे. ऑनअ‍ॅड आणि ऑनरिमूव्ह शेजारी ठेवले तर एकाचा उतारा दुसऱ्यात दिसतो. खोडीच काढायची तर एवढीच: मधल्या काळात कोणी तो पर्याय बदलला, तर काढणारी ओळ भलत्याच इव्हेंटवर हात मारील आणि खरा लिसनर राहून जाईल. बसवताना कोणता इव्हेंट निवडला तो टिपून ठेवला असता तर हीही फट बुजली असती. तरीही ही समोरासमोर ठेवलेली जुळी रचना पाहून मन प्रसन्न होते.

श्रेयाच्या कंट्रोलमधली बारीक गोष्ट तर सहसा कुणी पाहतही नाही. नकाशावर दोन थर आहेत आणि दोघांचेही श्रेय ओपनस्ट्रीटमॅपकडे जाते, असे समजा. एक थर काढला तर ओळ पुसायची की ठेवायची? कंट्रोल प्रत्येक श्रेयओळीचा हिशोब ठेवतो: थर आला की एक वाढवतो, गेला की एक घटवतो, आणि हिशोब शून्यावर आला की मगच ती ओळ पडद्यावरून जाते. पडद्यावर दिसते ते एक नाव. त्यामागे कोण कोण उभे आहे याची मोजदाद असणे हाही त्या नावाचा मान राखण्याचाच प्रकार आहे.

यावरून आपला स्वतःचा कंट्रोल कसा लिहावा ते पाहू. समजा, डाव्या तळाला एक चौकट हवी आहे. नकाशाचा मध्य दीपनगरपासून किती दूर आहे ते ती सांगेल, आणि दर दहा मिनिटांनी सर्व्हरकडून भुसावळचे तापमान आणून दाखवील. मे महिन्यात या दुसऱ्या आकड्याकडे सगळ्यांचे लक्ष असते, त्यामुळे चौकटीला वाचक कमी पडणार नाहीत. ऑनअ‍ॅडमध्ये बंद करायच्या बटणासह चौकट तयार होते, तिच्यावरचे क्लिक खालच्या नकाशापर्यंत झिरपू नयेत याची तजवीज होते, नकाशा थांबल्याची वर्दी लावली जाते, टायमर सुरू होतो, तापमानाची पहिली विनंती निघते.

जाताना यातले काय आपोआप जाते? चौकटीतल्या बटणावरचा लिसनर. बटण गेले, त्याला धरून ठेवणारे बाहेर कोणी उरले नाही, तर ब्राउझर दोघांनाही एकत्र गोळा करतो. इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या-सातव्या आवृत्तीच्या दिवसांत एलिमेंट आणि फंक्शन एकमेकांना धरून बसले की कुणीच सुटत नसे. त्या काळच्या धास्तीने आजही काही जण बटणावरचा प्रत्येक लिसनर हाताने सोडवत बसतात. त्याची गरज उरलेली नाही. जे आपोआप जात नाही ते वेगळेच असते: आपल्यापेक्षा दीर्घायुषी गोष्टींवर आपण लावलेले. नकाशा, ब्राउझरची खिडकी, टायमर, वाटेत असलेली विनंती. टायमर राहिला तर तो कंट्रोलला धरून ठेवतो, कंट्रोल चौकटीला, आणि पानावर नसलेली ती चौकट मेमरीत जिवंत राहते. क्रोमच्या मेमरीच्या पटलात अशा चौकटी डिटॅच्ड या नावाने रांगेत दिसतात. स्वतःची वस्तू कोणती आणि उसनी कोणती, हे ज्याला कळते त्याचे ऑनरिमूव्ह आखूड असते. दोन-तीन ओळींचे नेमके ऑनरिमूव्ह हे वीस ओळींच्या भाबड्या ऑनरिमूव्हपेक्षा मला केव्हाही अधिक देखणे वाटते.

यात अलीकडे एक सुरेख हत्यार आले आहे: अ‍ॅबॉर्टकंट्रोलर. त्याचा सिग्नल, खिडकीवर लिसनर लावला असेल तर त्याला द्यावा, तापमानाच्या विनंतीलाही द्यावा; जाताना एकदाच अ‍ॅबॉर्ट म्हटले की लिसनर सुटतात आणि वाटेतली विनंतीही परत फिरते. मात्र त्याच्या वापरात दोन नाजूक जागा आहेत. एकदा अ‍ॅबॉर्ट झालेला सिग्नल पुन्हा जिवंत होत नाही, म्हणून तो बांधणीत नव्हे, दर खेपेला ऑनअ‍ॅडमध्ये नवा करायचा. नाहीतर सेटपोझिशनने कोपरा बदलला की चौकट दिसते पण तापमान कायमचे मुके. दुसरी जागा अशी की परत फिरवलेली विनंती चूक म्हणून येते. ती आपणच रद्द केली आहे हे ओळखून तेवढीच गिळायची आणि बाकीच्या खऱ्या चुका बोलू द्यायच्या. लीफलेटचे स्वतःचे इव्हेंट हा सिग्नल ओळखत नाहीत, म्हणून नकाशावरची वर्दी जुन्याच रीतीने, फंक्शन आणि कंट्रोल दोन्ही सांगून काढायची.

तीही ओळ कुणी आखडती घेऊ नये. फंक्शनचे नाव न देता नकाशाला नुसते सांगितले की थांबल्याच्या इव्हेंटवरचे लिसनर काढ, तर तो सगळ्यांचेच काढतो. नकाशाच्या चित्रफरशा आणणाऱ्या थराचेही. फोनवर हा थर हालचाल थांबल्यावरच नव्या फरशा मागतो. मग चौकट बंद केल्यावर वरणगावच्या पुढे नकाशा सरकवावा तर करड्या पट्ट्या दिसतात, आणि दोष मात्र नेटवर्कला लागतो. आपले तेवढे न्यावे, दुसऱ्याचे ठेवावे, एवढी शालीनता त्या दोन जादा शब्दांत असते.

मूळ फाइलवर प्रेम असले तरी एक खटकणारी जागा सांगायला हवी, आणि ती फाइलच्या बाहेर, नकाशाच्या रिमूव्हमध्ये आहे. तिथे अनलोड सोडण्याआधी पाहिले जाते की नकाशा पुरता उभा राहिला होता का. मध्य आणि झूम कधी दिलेच गेले नाहीत, असा नकाशा मोडला तर अनलोड सुटत नाही आणि कंट्रोलची ऑनरिमूव्ह चालत नाहीत. जागेचा पत्ता सर्व्हरकडून येईपर्यंत वापरकर्ता दुसरीकडे निघून गेला, तर नेमके हेच घडते. अशा वेळी कंट्रोल हाताने काढावा. इतक्या नेटक्या रचनेत ही एक खिळखिळी खुंटी आहे, आणि ती सापडली की बाकीच्या खुंट्या किती घट्ट बसल्या आहेत हे अधिकच जाणवते.

इतरांनी हाच प्रश्न कसा सोडवला ते पाहण्यातही मौज आहे. ओपनलेयर्समध्ये कंट्रोलला नकाशा दिला जातो आणि काढताना नकाशाऐवजी नल दिला जातो. येणे-जाणे एकाच दारातून. लावलेल्या प्रत्येक लिसनरची किल्ली कंट्रोल एका यादीत ठेवतो आणि निघताना सगळ्या किल्ल्या फिरवून यादी रिकामी करतो. लिसनर किती होते हे लक्षात ठेवण्याचे ओझेच नाही. मॅपबॉक्सपासून डिसेंबर 2020 मध्ये वेगळी झालेली मॅपलिब्रे ऑनअ‍ॅड आणि ऑनरिमूव्ह ही नावे तशीच वापरते, खालच्या कोपऱ्यात आधी घुसवण्याची रीतही तीच. अगाफोन्किन 2013 पासून मॅपबॉक्समध्ये होते, तेव्हा या साम्याचे नवल वाटायला नको. फरक एकच, पण मोठा: तिथे एलिमेंट पानावरून उचलणे हे कंट्रोलचे काम, लायब्ररीचे नव्हे. लीफलेटची सवय असलेला माणूस तिथे ती ओळ लिहायची राहून गेला की जुनी चौकट कोपऱ्यात बसून राहते. दोन्ही करार न्याय्य आहेत. माझा कौल लीफलेटकडे, कारण जे प्रत्येकाला करावेच लागणार ते तिने एकदाच करून ठेवले.

कंट्रोलच्या फंक्शनांच्या अगदी शेवटी, जिथे वाचणारा सहसा पोचत नाही, तिथे एक छोटे फंक्शन आहे. कंट्रोलचे बटण दाबले की लक्ष, म्हणजे फोकस, बटणावर अडकतो. ते फंक्शन तो परत नकाशाला देते, म्हणजे पुढच्या बाणाच्या कळीने नकाशा सरकतो. पण सगळ्यांसाठी नाही. क्लिकची पडद्यावरची जागा आडवी आणि उभी, दोन्ही शून्याहून अधिक असेल तरच. असे का, तर कळफलकावरून एंटर दाबून झालेल्या क्लिकला जागा नसते, ती शून्य येते. जो माणूस माउस वापरतच नाही, त्याला अधिकचे बटण दोन-तीनदा लागोपाठ दाबायचे असते. त्याचा फोकस हिसकावून नकाशाकडे नेला तर दर वेळी टॅब दाबत परत यावे लागेल. म्हणून त्याला बटणावरच राहू दिले आहे. दुसरा पडदा डावीकडे जोडला असेल तर तिथल्या क्लिकची आडवी जागा उणे येते आणि ही अट माउसवाल्यालाही कळफलकवाला समजते, एवढा एक सल आहे. तरी दोन शून्यांवरून समोरच्या माणसाच्या हातात काय आहे ते ओळखायचे, आणि त्याची गैरसोय वाचवायची, हे त्या एका अटीत साधले आहे.